हात बघून बाहुली: ज्येष्ठांच्या गटाने बाहुल्या करायच्या कशा आणि खेळ लावायचा कसा

बाहुल्यांचा खेळ म्हटलं की डोळ्यांपुढे अर्धवटराव येतो, नाहीतर कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या. रामदास पाध्यांना बोलक्या बाहुल्यांचा वारसा वडिलांकडून मिळाला. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तीही पिढीजात कला जपल्याबद्दल. दोन्हीकडचे हात वर्षानुवर्षांच्या रियाजाचे. पासष्टीत पहिल्यांदा बाहुली हातात घेणाऱ्याने थेट त्यांचं बघून सुरुवात केली, की पंधरा दिवसांत खांदा धरतो, अंगठा ठणकतो आणि ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत सामान माळ्यावर जातं. काम आपलंच असतं. बाहुली चुकीची निवडलेली असते.

म्हणून इथे क्रम उलटा आहे: आधी हात बघायचे, मग गोष्ट ठरवायची, आणि बाहुली करायला सगळ्यात शेवटी बसायचं. नाशिकमधला एखादा ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र किंवा सोसायटीतल्या सात-आठ जणांचा कट्टा डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. भजनी मंडळ असेल तर फारच उत्तम. सूर, ठेका आणि वेळेवर येण्याची सवय त्यांना आधीच असते, आणि बाहुलीच्या खेळात या तिन्हींची गरज चित्रकलेपेक्षा जास्त पडते.

गट आणि वेळ

सहा ते आठ जण पुरे. त्यातल्या तीन-चार जणांनी बाहुल्या हलवायच्या. बाकीच्यांनी आवाज, टाळ-पेटी, पडदा, सामान बघायचं. सगळ्यांनी बाहुली घेतलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. एक बैठक सव्वा तासाच्या वर नको, आणि त्यात मध्ये चहा हवाच. मे महिन्यात दुपारी दोनला बोलावलंत तर कोणी येणार नाही. सकाळी साडेदहा किंवा संध्याकाळी चारनंतरची वेळ बरी. आठवड्यातून दोनदा बसलात तर पहिला खेळ दोन-अडीच महिन्यांत उभा राहतो.

पहिल्या दिवशी हात बघा

यासाठी डॉक्टर लागत नाही. टेबलावर कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवा आणि प्रत्येकाला अंगठा व तर्जनीने एक चिमटा पाच-सहा वेळा उघडायला सांगा. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर त्या व्यक्तीला हातमोजा बाहुली द्यायची नाही, कारण तिचे दोन्ही हात अंगठा आणि मधल्या बोटावरच चालतात. मग वीत उघडायला सांगा. बोटांची पेरं सुजलेली असली की वीत पूर्ण उघडत नाही. त्यानंतर कोपर टेबलावर टेकवून पंजा दोन मिनिटं उभा धरायचा. आणि शेवटी, हात खांद्याच्या वर कुठवर जातो ते दोन्ही बाजूंनी पाहायचं. खांदा जखडलेला असेल, खांद्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा नुकताच पेसमेकर बसवला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात वर करायचे नाहीत.

आता वाटणी. ज्यांची वीत मोकळी उघडते आणि चिमट्याने त्रास झाला नाही, त्यांना हातमोजा बाहुली: तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. ज्यांची मूठ वळते पण बोटं सुटी हलत नाहीत, त्यांना काठीबाहुली. तिला मूठ आणि मनगट एवढंच लागतं.

हाताला कंप असणाऱ्यांना बहुतेक गट हळूच पडद्यामागच्या कामाला लावतात. ते करू नका. दोन मार्ग आहेत. काठी दोन्ही हातांनी धरून दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली की कंप बराच कमी दिसतो, आणि जो उरतो तो एखाद्या म्हाताऱ्या पात्राला शोभून दिसतो. दुसरा मार्ग छायाबाहुलीचा. पुठ्ठ्याची सपाट आकृती पडद्याला चिकटून टेकवली की कापड तिला धरून ठेवतं. पडद्यापासून लांब धरली तर मात्र सावली मोठी आणि पुसट होते आणि थरथर जास्त दिसते.

बोटबाहुल्या नातवंडांसाठी घरी करा. दहा फुटांच्या पलीकडे त्या दिसत नाहीत. कळसूत्री पहिल्या वर्षी नकोच. उभं राहून, हात पुढे ताणून, वजन दोऱ्यांवर तोलायचं असतं, आणि दोऱ्यांचा गुंता सोडवण्यातच बैठक संपते.

गोष्ट कुठून आणायची

ससा-कासव नको. मुलांनी ते शाळेत शंभरदा ऐकलेलं असतं, आणि सांगणाऱ्यालाही त्यात रस उरलेला नसतो. तुमच्या गटाकडे असं काहीतरी आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही. नाशिककरांपुरतं बोलायचं तर गोदावरीचे पूर घ्या. १९६९ च्या सप्टेंबरातला महापूर ज्यांनी दहा-बारा वर्षांचे असताना पाहिला ते आज पासष्टीच्या पुढे आहेत. २००८ आणि २०१६ चे पूर तर सगळ्यांनीच पाहिलेत. शिवाय नाशिकला पूर मोजायची स्वतःची पट्टी आहे: गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची दोन तोंडांची मूर्ती आहे. पाणी त्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. आणि नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेला पाणी लागलं की मग बोलायलाच नको. याहून चांगलं नाट्य विकत मिळणार नाही.

आठवणी गोळा करताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि प्रश्न लहान विचारा. ‘पूर कसा होता?’ विचारलं तर वर्तमानपत्रातलं उत्तर येतं. ‘त्या रात्री चूल कुठे पेटली?’, ‘दुकानातली भांडी कोणी उचलली?’, ‘पाणी ओसरल्यावर चिखलात काय सापडलं?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. एखादी आठवण जड निघते, कोणाचे डोळे भरतात. तिथे रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, आणि ती गोष्ट खेळात घ्यायची की नाही हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्या.

संहिता दहा-बारा मिनिटांची, पात्रं तीन, फार तर चार. एका वेळी एका पात्राच्या तोंडी दोनपेक्षा जास्त वाक्यं नकोत. सलग भाषण सुरू झालं की बाहुली मेली समजा. नमुन्यादाखल एवढा तुकडा पाहा:

नात: आजी, धरणातून पाणी सोडलंय! मोबाइलवर आलंय, आठ हजार क्यूसेक.
आजी: क्यूसेक तुझ्या मोबाइलला सांग. मारुतीच्या कुठं आलं?
नात: गुडघ्याला.
आजी: मग चहा टाक.
(निळं लुगडं वर सरकतं.)
मारुती: आजीबाई, कमरेला लागलं हं!
आजी: लागू दे. एकोणसत्तर साली तर तू अख्खा दिसेनासा झाला होतास.
मारुती: (गर्रकन दुसरं तोंड फिरवून) त्या तोंडाला नका विचारू, ते विसरतं. मला सगळं आठवतंय!

यात काय लागलं बघा: एक हातमोजा आजी, एक काठीची नात, एक दुतोंडी मारुती आणि एक लुगडं. आता बाहुल्या करायला बसू.

लगदा: घरच्या बायकांना येतोच

गटातल्या सत्तरीच्या बायकांना विचारा. रद्दी भिजवून, मेथ्या वाटून लगदा करायचा आणि जुन्या टोपल्या-सुपं त्याने मढवायची, हे काम त्यांच्यापैकी कोणीतरी आईला करताना पाहिलेलं असतं. बाहुलीचं डोकं त्याच लगद्याचं. या बैठकीचं पुढारपण त्यांच्याकडे द्या. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घालून सोंगं निघतात. ते मुखवटे पाहायला मिळाले तर जरूर पाहा. लांबून ओळखू येणारा चेहरा कसा असतो हे त्यातून कळेल.

तीन-चार डोक्यांना साधारण दोन पूर्ण वर्तमानपत्रं लागतात. गुळगुळीत कागदाच्या पुरवण्या बाजूला काढा, त्या भिजत नाहीत. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाडलेल्या कडेचे तंतू सुटे होतात आणि लगदा एकजीव होतो. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर पाण्यात ठेवा. दुसऱ्या भांड्यात दोन मोठे चमचे मेथ्या भिजत घाला. सकाळी कागद अर्धा तास उकळून गार करा आणि मिक्सरमध्ये थोडा थोडा, भरपूर पाणी घालून फिरवा. कोरडा फिरवलात तर मिक्सर जळेल. सुती फडक्यात पिळून घ्या. पिळायचं काम अंगठा दुखणाऱ्यांनी करू नये; त्याऐवजी फडकं चाळणीत ठेवून वर भरलेला डबा ठेवला की तासाभरात पाणी आपोआप निथळतं.

आता वाटलेली मेथी, चार मोठे चमचे फेविकॉल आणि थोडी मुलतानी माती घालून मळा. मेथीने चिकटपणा येतो आणि कीड दूर राहते. जुन्या पद्धतीत खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. हाताने मळायच्या आणि मुलं हाताळणार त्या वस्तूत ते घालू नका. लगदा थालीपीठ थापता येईल इतका घट्ट हवा. बोटाने दाबल्यावर पाणी सुटत असेल तर अजून निथळू द्या.

डोक्याचा गाभा म्हणजे कोरड्या वर्तमानपत्राचा चुरगळलेला गोळा, वरून कागदी चिकटपट्टी गुंडाळलेला, मोठ्या संत्र्याच्या आकाराचा. त्यात खालून मान बसवायची. हातमोज्यासाठी पोस्टकार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्याची नळी, आणि ती ज्याची बाहुली त्याच्याच तर्जनीवर गुंडाळून करायची. सुजलेलं पेर आत जाऊन सहज बाहेर आलं पाहिजे. गाभ्यावर लगद्याचा थर द्या, तीन-चार मिलिमीटर, त्याहून जाड नको. जाड थर बाहेरून वाळतो आणि आतून कुजतो. वाळलेलं डोकं भाजीच्या काट्यावर ठेवून बघा: शंभर ग्रॅमच्या आत हवं. दहा मिनिटं बोटावर तोलल्यावर प्रत्येक जास्तीचा ग्रॅम जाणवतो.

मार्च-एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात एक थर दीड-दोन दिवसांत खणखणीत वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये लगद्याच्या नादाला लागू नका, बुरशी ठरलेली. पावसाळ्यात त्याच गाभ्यावर कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीत बुडवून पाच-सहा थर चिकटवा आणि पंख्याखाली वाळवा. नाक-भुवयांपुरता लगदा वापरला तरी चालतो.

चेहरा वीस फुटांवरून दिसावा

हौशी बाहुल्या जवळून सुंदर आणि लांबून सपाट दिसतात, कारण चेहरा रंगाने काढलेला असतो. चेहरा आधी उंच-सखल करा: नाक दुप्पट मोठं, भुवया पुढे आलेल्या, डोळ्यांच्या खोबणी अंगठ्याने खोल दाबलेल्या, हनुवटी ठसठशीत. सुरकुत्या काढू नका. गालाखाली एक खोलगट भाग दिला की म्हातारपण आपोआप येतं.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रेक्षक बहुधा सतरंजीवर बसलेली मुलं असतात, म्हणजे बाहुलीच्या खाली. तिची नजर सरळ समोर असेल तर ती सगळ्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहते. बाहुली हातात घालून, टेबलावर कोपर टेकवून, समोर कोणाला तरी जमिनीवर बसवा आणि मगच बुबुळाची जागा पेन्सिलीने ठरवा. ती खोबणीत किंचित खाली येते. बुबुळ म्हणून काळं चकचकीत बटण सर्वांत छान, दिव्यात ते जिवंत दिसतं. बाकी चेहऱ्याला मात्र चकाकी नको. आधी पांढऱ्या डिस्टेंपरचा हात, मग ॲक्रिलिक रंग, वर वॉर्निश नाही. केसांना लोकर, सुतळी किंवा काथ्या.

दुतोंड्या मारुती

ही बाहुली गटातल्या सर्वांत दुखऱ्या हातासाठी राखून ठेवा. बोटांचं काम शून्य, मनगट फिरवलं की प्रवेश गाजतो.

गाभा जरा मोठा आणि दोन्ही बाजूंनी चपटा घ्या. एका बाजूला एक तोंड, पाठीला दुसरं. कानांच्या जागी दोन्ही चेहरे मिळतात. एक तोंड गंभीर आणि दुसरं मिस्कील केलंत तर संवाद लिहिणाऱ्याचं अर्धं काम झालं. बुरुडाकडून पन्नास सेंटिमीटर लांबीची, बोटभर जाड, गुळगुळीत तासलेली बांबूची काठी आणा. काठी डोक्यात टाळूपर्यंत गेली पाहिजे आणि आत फेविकॉलमध्ये बुडवलेल्या सुतळीने घट्ट बसली पाहिजे. नुसती मानेत अडकवलीत तर फिरवताना काठी फिरेल आणि मारुती जागेवर राहील. खालच्या टोकाला सायकलच्या दुकानात मिळणारी रबरी मूठ चढवा. बारीक काठी घट्ट आवळून धरावी लागते म्हणून सांधे दुखतात. जाड, मऊ मुठीला तेवढा जोर लागत नाही.

अंग म्हणून शेंदरी कापडाचा घोळदार झगा खांद्यापासून खाली सोडायचा. हात स्थिर ठेवायचे, आत कापूस भरून शिवलेले. मूर्तीच आहे, हात हलायचं कारण नाही. देवाची बाहुली कशी करायची, असा प्रश्न कोणीतरी विचारेल. भारुडा-लळितात देव रंगमंचावर येतच आले आहेत. संवादात आब राखला की झालं.

आणि पाणी! निळं नऊवारी लुगडं घ्या. दोन टोकांना दोघं जण खुर्चीत बसून ते मारुतीपुढे आडवं धरतात, हलके हेलकावे देतात आणि संवादाच्या खुणेवर चार बोटं वर सरकवतात. गुडघा, कंबर, छाती. शेवटी दोघांनी झटक्यात वर नेऊन मारुतीला झाकलं आणि कोणी पूजेतली घंटा वाजवली की मुलं किंचाळतात. ज्यांना बाहुली जमत नाही, पाठांतर जमत नाही, विस्मरण सुरू झालं आहे, त्यांच्यासाठी हे काम फार मोलाचं. शेजारच्याने कोपराला स्पर्श केला की लुगडं वर, एवढंच लक्षात ठेवायचं.

आजीचं अंग आणि कपडे

हातमोज्याचा बेत वर्तमानपत्रावर काढा. ज्याची बाहुली त्याचा हात कागदावर ठेवा, अंगठा आणि मधलं बोट दोन्हीकडे पसरून, आणि कडेने रेघ मारा. पुस्तकांत दोन सेंटिमीटर मोकळीक सांगतात; सुजलेल्या सांध्यांसाठी तीन ठेवा. लांबी कोपराच्या चार बोटं अलीकडेपर्यंत, नाहीतर खेळात मनगट उघडं पडतं. कापड मऊ सुती, दोन वेळा धुतलेलं. सिंथेटिकमध्ये हाताला घाम येतो आणि कापड चिकटतं.

खालच्या घेरात भरतकामाची पाच-सहा इंची रिंग शिवून टाका. झगा कायम उघडा राहतो, हात शोधत बसावा लागत नाही, आणि बाहुली खिळ्याला उलटी टांगता येते. खालून हात सरकवला की तयार. बटणं, हूक, नाड्या नकोत. जिथे बंद करायचं तिथे वेल्क्रो.

वरचे कपडे घरातूनच येऊ द्या. जुन्या लुगड्याचा काठ, येवल्याच्या पैठणीतून उरलेला चिंधीएवढा पदर, आजोबांच्या धोतराची किनार. फक्त कात्री लावण्याआधी एकदा नीट विचारा, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा. गेलेल्या माणसाचं वस्त्र उत्साहाच्या भरात पुढे केलं जातं आणि मग रात्री झोप लागत नाही. शक्य असेल तिथे कापड न कापता दुमडून, टाके घालून वापरता येतं. टिकल्या, लेस, गोट यांसाठी मेनरोड-दहीपूल भागात एक चक्कर पुरते. मोठ्या नेढ्याची सुई आणि दोरा ओवायची तारेची ओवणी मात्र चार-पाच घ्या, त्यावरून रोज शोधाशोध होते.

सराव

सुरुवातीचे दोन-तीन दिवस बाहुली नकोच. कोमट पाण्यात हात पाच मिनिटं, मग मूठ-उघड, मनगट गोल, खांदे वर-खाली. मग रिकाम्या हाताने आरशासमोर: होकार, नकार, वाकून बघणं, दचकणं, डुलकी. टेबलाच्या कडेला कोपराखाली उशी घ्या. सलग पाच मिनिटांच्या वर हात उभा नको. दुखलं की खाली.

बाहुली घातल्यावर तीन नियम शिकायचे. पहिला: जो बोलतो तोच हलतो. बाकीच्या बाहुल्या स्थिर राहून बोलणाऱ्याकडे बघतात. नवशिक्यांच्या खेळात सगळ्या बाहुल्या एकदम डोलत असतात आणि बोलतंय कोण ते कळत नाही. दुसरा: प्रत्येक शब्दाला मान हलवायची नाही, वाक्यातल्या ठाशीव शब्दाला एकदाच. ‘मारुतीच्या *कुठं* आलं?’ यात हालचाल ‘कुठं’वर. तिसरा: बाहुली कुठे बघते आहे हे हलवणाऱ्याला सतत माहीत हवं, आणि त्यासाठी त्याने स्वतः बाहुलीकडे बघायचं, प्रेक्षकांकडे नाही. ज्यांना दूरचा-जवळचा दुहेरी चष्मा आहे त्यांना वर बघताना बाहुली अंधूक दिसते, म्हणून हात छातीच्या उंचीवर ठेवा.

पाठांतराचा बाऊ करू नका. संवाद जाड पेनाने बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहा आणि टेबलाच्या आतल्या कडेला चिकटवा. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी आठवेल तसं बोलावं. खुणेचं शेवटचं वाक्य तेवढं बदलू नये, कारण पुढच्याचं लक्ष त्यावर असतं.

आवाज

बारीक, लाडिक, कार्टूनचा आवाज काढायचा मोह होतो. पाच मिनिटांत घसा बसतो आणि शब्द कळेनासे होतात. आपल्याच आवाजात वेग आणि ठसका बदला: आजी सावकाश आणि ठामपणे, नात भरभर, मारुती खर्जात. गोदाकाठच्या घरातली जी बोली आहे तीच राहू द्या, प्रमाण भाषेत आणायला जाऊ नका. आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांवर बाहुल्या नाचवायचा मार्ग सोपा वाटतो, पण मग मुलांनी मध्येच काही विचारलं तर मारुतीला उत्तर देता येत नाही, आणि खेळाची निम्मी मजा तिथेच असते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना बोलणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसवा आणि खूण स्पर्शाने द्या.

पावसाचा आवाज सुपात हरभरे सावकाश घोळवून काढा, विजेचा पत्रा हलवून. स्पीकरमधल्या पावसापेक्षा तो खरा वाटतो.

टेबलाचा रंगमंच

उंच पडदा लावून त्यामागे हात वर करून खेळ करायची पद्धत तरुणांसाठी ठेवा. तुमचा रंगमंच म्हणजे एक लांब टेबल, काळ्या कापडाने जमिनीपर्यंत झाकलेलं, आणि त्यामागे बिनहाताच्या घट्ट खुर्च्यांवर बसलेले कलाकार. काळे किंवा गडद कपडे घाला, पण तोंड लपवू नका. जपानच्या बुनराकू बाहुलीनाट्यातही बाहुली चालवणारे प्रेक्षकांसमोरच असतात, आणि दोन मिनिटांत लोक त्यांना विसरतात. प्लास्टिकच्या खुर्च्या घसरतात, पायांखाली सतरंजी टाका. टेबलाच्या आतल्या कडेला खिळे किंवा हूक लावून बाहुल्या त्यांना टांगा, प्रत्येकाची जागा ठरलेली.

दोन साधे एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी तिरके सोडा. ते कलाकारांच्या डोळ्यांत जात नाहीत ना हे बसून तपासा; मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना झगझगाटाचा त्रास जास्त होतो. माइक स्टँडवर, दोघांत एक. हातात माइक घेऊन बाहुली चालत नाही. चाळीस सेंटिमीटरची बाहुली सहा-सात मीटरपलीकडे वाया जाते, त्यामुळे साठ-सत्तरपेक्षा जास्त प्रेक्षक घेऊ नका. कालिदास कलामंदिराचं स्वप्न पाहायला हरकत नाही, पण बाहुल्या मागच्या रांगेला दिसणार नाहीत.

पहिले खेळ

पहिला खेळ आपल्याच सोसायटीत, कोजागिरीला किंवा गणपतीत. दुसरा जवळच्या बालवाडीत. मग वाचनालयाचा बालविभाग, दुसरी विरंगुळा केंद्रं. तारखेचं निमित्त हवं असेल तर २१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिन आणि १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन आहे. बालवाडीवाल्यांशी बोलताना दोन गोष्टी आधीच ठरवा: खेळ सकाळी साडेदहाच्या सुमाराला, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. जिने चढून दमलेला माणूस खेळ करू शकत नाही. निघण्याआधी औषधं घेतलेली असावीत, मधुमेहींनी खाल्लेलं असावं, आणि पाणी टेबलाखाली हाताशी.

दुरुस्तीची पिशवी वेगळी: सेफ्टी पिना, सुई-दोरा, चिकटपट्टी, कात्री, एक जादा बटण-डोळा. मान तुटली तर खेळ थांबवायचा नाही. ‘आजीला चक्कर आली’ म्हणून खाली घ्यायची, टेबलाखाली चिकटपट्टी गुंडाळायची, तोवर मारुतीने मुलांशी गप्पा मारायच्या. त्यासाठी मारुती हलवणारा गटातला सर्वांत बोलका माणूस असलेला बरा.

खेळ संपल्यावर मुलं बाहुल्यांवर तुटून पडतात. त्यांना नाही म्हणू नका. मुद्दाम दोन जादा बाहुल्या मजबूत शिवून आणा आणि त्या त्यांच्या हातात द्या. मूळ बाहुल्या तोपर्यंत पेटीत गेलेल्या असाव्यात.

पेटी

द्राक्षांच्या हंगामात पुठ्ठ्याची खोकी मुबलक मिळतात. हवा जायला भोकं असलेली बघून घ्या आणि आत आडवे पुठ्ठे लावून प्रत्येक बाहुलीला कप्पा करा. डोक्याभोवती जुनी सुती ओढणी गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर पावसाळ्यात बुरशी येणारच. कप्प्यांत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, दिवाळीनंतर तो बदला, आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी सगळ्या बाहुल्या तासभर गच्चीत टांगा. रंग उडू नये म्हणून थेट उन्हात नको, सावलीच्या कडेला. झगे डोक्यापासून सुटे करता येतील असे वेल्क्रोने जोडले असतील तर वर्षातून एकदा हाताने धुऊन काढता येतात.